धुळाप्पाचा सोडा

धुळाप्पा कुंभारीहून रोज सायकलवर सोलापुरात कॉलेजात यायचा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो शिपाई होता. त्याआधी बारा वर्षं एका मिलच्या रंगखात्यात. खोकला लागला म्हणून डॉक्टरने मिल सोडायला सांगितली, आणि कुणाच्या तरी ओळखीने तो ॲसिडच्या बाटल्या धुऊ लागला. छातीला हा बदल कितपत मानवेल, ते डॉक्टरला विचारायचं राहून गेलं.

१९७४ साली बिराजदार सरांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. मिलमध्ये कापडाला पक्का काळा रंग देतात तो ॲनिलिन नावाच्या रसायनाचा. त्याच काळ्याची पूड सर कडक ॲसिडमध्ये विरघळवायचे आणि काकवीसारखा दाट रस काचेच्या बारीक नळीतून पाण्यात सोडायचे. पाण्यात पडताच रसाचा धागा व्हायचा. या धाग्यातून वीज वाहील, असं सरांचं म्हणणं होतं. इतर प्राध्यापकांचं म्हणणं असं, की सोलापुरात तांब्याच्या तारेतूनसुद्धा ती रोज वाहत नाही.

धागा कांडीवर गुंडाळून सर धुळाप्पाकडे द्यायचे. साध्या पाण्यात धुवायचा आणि वाळवायचा, एवढंच काम. पहिल्याच दिवशी धागा हिरवट आला. मिलमध्ये काळा हिरवट पडला की रंगमास्तर अख्ख्या पाळीचा उद्धार करायचा, आणि त्यावर उपाय ठरलेला: सोड्याचं पाणी. सरांचा माल वाईट दिसू नये म्हणून धुळाप्पाने पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला. धागा झकास निळसर काळा झाला. यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलं नाही.

सात महिने धाग्याला लावलेल्या मीटरचा काटा हलला नाही. सरांनी पूड बदलली, नळी बदलली, शेवटी चष्मा बदलला.

मग धुळाप्पा भाचीच्या लग्नाला अक्कलकोटकडे तीन दिवस गेला. धागा सरांनीच धुतला, नुसत्या पाण्यात. काटा हलला. परत आल्यावर धुळाप्पाला मीटरला जोडलेला हिरवा धागा दिसला आणि काटा इतके दिवस कशामुळे अडला होता ते त्याला उमगलं. त्या दिवसापासून त्याने सोडा बंद केला, तोंडही बंद ठेवलं. काटा रोज हलू लागला.

सरांनी कारण शोधलं. त्याच तीन दिवसांत ॲसिडची नवी बाटली फोडली होती. म्हणजे जुनं ॲसिड भेसळीचं. तसा लेख त्यांनी लिहायला घेतला आणि ॲसिडवाल्याला खरमरीत पत्रही धाडलं. ॲसिडवाल्याने उलट टपाली माफी मागितली. जन्मात पहिल्यांदाच मागितली असावी, तीही नेमकी धुळाप्पाच्या वाटची. त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही. चंद्रव्वाने, म्हणजे बायकोने, खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"सांगितल्याबगर त्येंला कसं कळंल?" ती म्हणाली. "मास्तर हायती, देव न्हायती."

"लई वाईट वाटंल की त्येंला."

"आन् ते खोटं छापून आल्यावर?"

लेख टपालात पडायचा त्या सकाळी धुळाप्पा सरांच्या टेबलापुढे उभा राहिला.

"सर, ॲसिड चांगलं हुतं. मी धागा सोड्यात धूत हुतो. हिरवा दिसत हुता म्हणून."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासनं. लग्नाला जाईपतूर."

सरांनी लेखाची पानं बाजूला सारली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर धुळाप्पाला बरं वाटलं असतं. रंगमास्तराची ती एक सोय होती. सरांनी जुना एक निळा धागा काढून ॲसिडच्या पाण्यात बुडवला. तो हिरवा झाला. मीटरला लावला. काटा हलला.

मग त्यांनी लेखाची पानं फाडली, नवा कागद घेतला आणि विचारलं, "सोडा किती?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती?"

धुळाप्पाने डब्यातून मूठ भरली. सरांनी तराजूच्या पारड्यात कागद ठेवला. मूठ त्यावर रिकामी करताना थोडा सोडा टेबलावर सांडला. सरांनी तो पुसला, वजन लिहून घेतलं आणि म्हणाले, "आणखी दोनदा."