माळवलीला उतरून भाज्याला, आणि शाळेतली बाज

नातीच्या एका मैत्रिणीने विचारलं, "आजोबा, भाज्याला जायचंय, काही सांगाल का?" हा ब्लॉग नातीनेच काढून दिलाय, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. मी मावळात नीट असा एकदाच फिरलो, साठच्या दशकाच्या शेवटी, तीन दिवस. रस्ते तेव्हाचे, चहा तेव्हाचा. त्यातलं तुमच्या उपयोगाचं किती, ते तुम्हीच ठरवा.

जायचं आम्ही ठरवलं नव्हतं, सरांनी ठरवलं. मी पुण्यात मुलांच्या एका इस्पितळात नवखा डॉक्टर होतो. सर परदेशात लहान मुलांच्या सांध्यांचे आजार शिकून आले होते आणि आता आम्हाला शिकवत होते. आम्हाला म्हणजे मला आणि कुमुदला, कारण तिसरं कोणी या विषयाला यायला तयार नव्हतं. मुलांना संधिवात होतो हेच लोकांना पटत नसे. माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "मग म्हाताऱ्यांना काय, गोवर?"

सरांचा पहिला धडा असा होता. सांध्यांचा एक ताप असतो, तो पुढे हृदयाला धरतो. त्यात मुलाला अंथरुणात झोपवून ठेवावं लागतं. दुसरा एक आजार सांध्यांतच मुक्काम ठोकतो. त्यात झोपवून ठेवलं की सांधे आखडतात. सुरुवातीला दोन्हींत ताप येतो, दोन्हींत गुडघा सुजतो, आणि घाई करणारा डॉक्टर फसतो. मी हे वहीत उतरवून घेतलं आणि खाली लाल रेघ मारली.

मग एक दिवस सर म्हणाले, "तुम्हाला सुजलेला गुडघा कळतो, चांगला कळत नाही. मावळात जा. तिथली पोरं डोंगर चढतात, तासन्‌तास उकिडवी बसतात. त्यांचे गुडघे बघून या." लोक लोणावळ्याला हवा खायला जातात. आम्ही गुडघे बघायला गेलो.

पहिला दिवस लोणावळा. पुण्याहून सकाळची पॅसेंजर, तिसरा वर्ग, लाकडी बाकं. डिसेंबरात जाणार असाल तर कानाला काहीतरी बांधा. आमचा मुक्काम कुमुदच्या मावशींकडे होता. बंबाचं गरम पाणी आणि मटकीची उसळ यांवर मावशींचा भर होता आणि दोन्ही नाकारायची सोय नव्हती. दिवसभर गावातल्या शाळेत लाकडी कोनमापक लावून आम्ही गुडघे मोजले. सगळे उत्तम. चिक्की घ्यायची असेल तर परत निघताना घ्या. आम्ही पहिल्याच दिवशी घेतली आणि ती पहिल्याच दिवशी संपली.

दुसरा दिवस कान्हे. स्टेशनातून बाहेर पडलं की शेतं सुरू होतात. शाळेच्या पायरीवर आम्ही फीत आणि कोनमापक काढलं आणि तासाभरात निम्मं गाव जमलं. एक आबा बराच वेळ निरखून बघत होते. शेवटी म्हणाले, "मापं घेताय ती ठीक हाय, पन शिवून कवा देनार?"

"काय शिवून?"

"चड्ड्या. सरकारच्या न्हवं का?"

आम्ही सरकारचे नाही आणि चड्ड्याही नाहीत, हे कळल्यावर गर्दी ओसरली. आबांनी मात्र तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी खाऊ घातली. मावळात कोणाच्या घरी जेवायचा योग आला तर सोडू नका.

तिसरा दिवस भाजे. माळवलीला उतरायचं आणि डोंगराकडे तोंड करून चालत सुटायचं. वाट शेतांमधून जाते. भात कापून झालेलं असतं, समोर लोहगड आणि विसापूर दिसत राहतात, चुकायला वावच नाही. लेण्यांची माहिती मात्र दुसऱ्या कोणाला तरी विचारा. मी त्या दिवशी लेण्यांपर्यंत पोचलो नाही.

शाळा एका खोलीची होती आणि वर्ग भरला होता बाहेर अंगणात, उन्हात. मुलं ओळीने जमिनीवर बसली होती. ओळीच्या टोकाला सुंभाची एक बाज होती आणि बाजेवर पांघरूण घेऊन नऊ-दहा वर्षांची एक मुलगी झोपली होती. गुरुजी हजेरी घेत होते. "हौसा." "हजर," बाज म्हणाली.

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "बाज दारातून आत येत नाही. म्हणून वर्ग बाहेर घेतो."

"पण ती उठत का नाही?"

"तिला उठायची परवानगी नाही. पुण्याच्या डॉक्टरांचा हुकूम आहे. घरची माणसं रोज सकाळी बाजेसकट आणतात, संध्याकाळी नेतात. जत्रेला देवळापर्यंत नेली होती. भाताच्या आवणीच्या दिवसांत बांधावर, पावसात वर इरलं धरून. दहा महिने झाले."

कुमुद हसली. मीही हसलो. असा कोण डॉक्टर, असं मी म्हणालोसुद्धा. मग गुरुजींनी बाजेच्या उशाखालून मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला. "पूर्ण विश्रांती. मी सांगेपर्यंत उठवू नये." अक्षर माझं होतं. खाली सही होती, तीही माझी.

मला लाज वाटली. दुसरा शब्द मला तेव्हा सापडला नाही, आजही सापडत नाही.

आता सगळं आठवलं. शिमग्याच्या सुमारास ही मुलगी ताप आणि सुजलेले गुडघे घेऊन आली होती. सर तेव्हा यायचे होते. मी हृदयाला धरणारा ताप समजून औषध दिलं, कागद लिहिला आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. कुमुदने तिथेच तिची छाती तपासली. हृदय घड्याळासारखं चालत होतं. पांघरूण काढलं तर दोन्ही गुडघे दुमडलेले, खाली उशी, आणि हाताने हलकेच सरळ करू गेलं तरी सरळ होईनात. हा दुसरा आजार होता, वहीतला, लाल रेघ मारलेला.

तोवर हौसाचे आईवडील शेतातून आले. वडील बबनभाऊ रोडके, हसतमुख. त्यांनी मला ओळखलं आणि हातच जोडले. "आलात व्हय! म्या म्हनलं व्हतं, डॉक्टर येनार."

"तुम्ही परत दाखवायला का नाही आणलंत?"

"आनायचं कसं? उटवायचं न्हाई ना. म्या एकटा येऊन गेलो तीनदा. एकदा तुमची परीक्षा व्हती. एकदा तुमचं लगीन. तिसऱ्यांदा तुमी रात्रपाळी करून झोपलेलं. तितली मान्सं म्हनली, ज्यानं लिवलं त्योच सांगंल."

"असू द्या, तुम्ही सगळं नीट पाळलंत," असं काहीतरी मी बोलायला लागलो. डॉक्टरांना असं बोलता येतं. कुमुद माझ्याकडे बघत होती. मी थांबलो आणि म्हणालो, "बबनभाऊ, मी विसरलो. आजारही चुकीचा ओळखला आणि हिला विसरलो. हिला दहा महिने झोपवायला नको होतं."

बबनभाऊंचं हसू हळूहळू गेलं. "इसरला?" ते म्हणाले. "आमी म्हनलो, डॉक्टरच्या ध्यानात असंल."

आई पुढे आली. ती म्हणाली, "पोरीनं एकदा बी पाय खाली टाकला न्हाई, साहेब. रडायची, पन टाकला न्हाई. तुमी लिवलं व्हतं म्हनून."

बाजेवरून हौसाने विचारलं, "मंग आता उठू का?"

मी म्हणालो, "ऊठ."

कुमुदने आणि मी धरलं. तिने पाय जमिनीला टेकवले. कंबरेतून वाकलेली, गुडघे दुमडलेले, अशी ती क्षणभर उभी राहिली आणि मग बसली. पायांकडे बघत म्हणाली, "तुमच्यावानी पाय बी इसरलं वाटतं."

परतीचा प्रवास असा झाला: भाजे ते माळवली बाजेवरून, चौघांच्या खांद्यावर, एका कोपऱ्याला मी होतो. जिवंत मुलीला असं नेताना चालायची लय फार सांभाळावी लागते. मला ती जमेना, तेव्हा बबनभाऊंनी एकदाच "नीट" एवढं म्हटलं. माळवलीला स्टेशनमास्तरांनी बाज सामानात धरली, मुलीचं अर्धं तिकीट फाडलं, आणि आम्ही संध्याकाळी पुण्याला पोचलो. चिक्की घ्यायची राहिली.

सरांनी हौसाला तपासलं आणि उपचार लिहून कागद माझ्या हातात दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. पायांना प्लॅस्टर घालायचं, थोडं सरळ झालं की काढून नवं घालायचं, गरम पाणी, रोजचा व्यायाम. व्यायामाला ती रडायची. दुसऱ्या कोणी ऊठ म्हटलं तर उठायचीच नाही, "ज्यानं लिवलं त्योच सांगंल" म्हणायची. त्यामुळे साडेतीन महिने रोज सकाळी सातला, रविवारीसुद्धा, मी जाऊन "ऊठ" म्हणायचो. ती चालत घरी गेली. उजवा पाय सरळ झाला. डावा गुडघा पुरता सरळ कधीच झाला नाही, आणि तो कोन मला कोनमापकाशिवाय सांगता येतो.

घरी नेण्याच्या दिवशी बबनभाऊंनी बाज इस्पितळातच सोडली. मी म्हणालो, तुमची बाज राहिली. ते म्हणाले, "राहू द्या. आमच्या घरात नगं ती. तुमच्याजवळ असू द्या, म्हंजी ध्यानात राहील." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असावा असं मला वाटत होतं.

बाज अजून माझ्याकडे आहे. सुंभ तीनदा बदलला. पुढे मीही मुलांच्या सांध्यांचे आजार शिकवायला लागलो. दर वर्षी नवे डॉक्टर आले की पहिल्या दिवशी मी त्यांना एकेक करून त्या बाजेवर झोपायला सांगत असे. "मी सांगेपर्यंत उठू नका," म्हणायचो आणि निघून जायचो.

बहुतेक जण दहा मिनिटांत उठून मला शोधत यायचे. सर्वांत जास्त टिकलेला मुलगा पाऊण तास होता. शेवटी तो मला शोधत आला आणि म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्ही विसरलात."

मी म्हणालो, "बरोबर. आता वही काढा."