भंडारदऱ्याचा प्लॉट आणि आण्णांची काठी

नव्वदीच्या दशकातले पाच उन्हाळे आम्ही भंडारदऱ्याला सुट्टीत राहण्यासाठी जागा शोधण्यात घालवले. प्लॉट एकही झाला नाही. किस्से मात्र इतके साठले की आता सांगतानाही दमायला होतं. तरी ऐका.

आम्ही म्हणजे नगरच्या एका शाळेतले दोन मास्तर. मी गणिताचा, गायकवाड सर भूगोलाचे. जागा खरी त्यांना हवी होती, वडिलांसाठी. आण्णांनी तरुणपणी तिथल्या धरणाकडेच्या रस्त्यावर खडी फोडली होती. साहेबलोक बंगल्याच्या व्हरांड्यात चहा पीत, ते आण्णा लांबून बघत. आता आण्णा थकले होते. त्यांनी एकदा तरी तिथं स्वतःच्या व्हरांड्यात बसून चहा प्यावा, एवढंच सरांच्या मनात होतं.

*

एजंट होते केडगावचे भापकर. पहिल्याच दिवशी जीपमध्ये बसताना त्यांनी सल्ला दिला, "सर, गावात कुनाला काय इचारू नका. लोकांना कळलं की भाव वाढतो."

आम्ही पाच वर्षं कुणालाही काही विचारलं नाही. वर्गात मात्र पोरांच्या मागे लागायचो, प्रश्न विचारा म्हणून.

*

'तलावदर्शन' नावाच्या जागेवरून तलाव दिसेना. तसं म्हटल्यावर भापकरांनी आम्हाला जीपच्या टपावर चढवलं.

"दिसला," गायकवाड सर म्हणाले.

"मग? वरचा मजला काढाल तवा रोज दिसंल."

उतरताना माझी पँट फाटली.

*

एका प्लॉटवर विजेचा खांब होता, तार नव्हती. "खांब आलाय म्हंजी तार येनारच," भापकर म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात गेलो तर खरंच तार आली होती. कुणीतरी ती खांबापासून आंब्यापर्यंत बांधली होती आणि तिच्यावर लुगडी वाळत होती.

*

आम्हा मास्तरांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून जागा बघायची तीही मे महिन्यात. एकदा मी म्हटलं, जुलैत येऊन बघू.

"पावसाळ्यात जागेचा अंदाज येत न्हाई, सर."

"तुम्ही आलाय कधी पावसाळ्यात?"

"मी? त्या घाटात कोन मरायला येतंय?"

गायकवाड सरांनी मान डोलावली. हे सर दरवर्षी जूनमध्ये नववीला सह्याद्रीतला पाऊस शिकवतात. चांगल्या तीन तासिका, हातवारे करून.

*

शेवटी अकरा नंबर ठरला. सपाट, रस्त्याला लागून, समोर पाणी. इसार द्यायच्या दिवशी सरांनी आण्णांना बरोबर आणलं.

भापकर बोलत होते. आण्णा रस्त्याकडेचं वाळलेलं गवत काठीनं बाजूला सारत चालले होते. एका जागी थांबले. गवताखाली दगडी मोरी होती आणि तिचं तोंड थेट अकरा नंबरात उघडत होतं.

"ही आमीच बांधली," आण्णा म्हणाले. "वरच्या डोंगराचं समदं पानी हितनं जातं. पावसाळ्यात मानूस उभा ऱ्हात न्हाई."

सरांनी इसाराचं पाकीट गुपचूप खिशात ठेवलं. त्यांच्याकडे बघवेना. मी थर्मासमधला चहा ओतून आण्णांना दिला. ते मोरीच्या दगडावर बसले, समोरचं पाणी बघत सावकाश प्यायले.

भापकर घाम पुसत जवळ आले. हळूच म्हणाले, "आण्णा, अशा मोऱ्या आनखी कुठं कुठं हायेत?"

"का रं?"

"सतरा नंबर मी सोताला घेतलाय. बायकूच्या नावावर."

आण्णांनी कप खाली ठेवला आणि काठी उचलली.

"चल, दावतो. लई लांब न्हाई."