दादा ‘जा’ म्हणाला होता

मंचरला बाजारात भाजी घेत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. “वन्सं, हे उठलंच न्हाईत ओ...” माझा थोरला भाऊ, अवसरीचा सुभेदार, झोपेतच गेला. त्याला आता महिना उलटून गेला. भेटायला आलेले म्हणत होते, किती शांत मरण! दादाला ‘शांत’ हा शब्द सहन होत नसे, हे त्यांना कुठून माहीत असणार...

फौजेतून तो शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात गेला होता. तिथल्या सरकारची आणि बंडखोरांची युद्धबंदी झाली होती. ती टिकवायचं काम याच्या तुकडीकडे. सुट्टीवर आला की ओट्यावर बसून सांगायचा, “वर सह्या झाल्यात गं, पण जंगलातल्या बंदुका तशाच हायेत. एकानं गाय पळवली की दुसरा गोळी झाडतो. आमी इचाराया गेलो की दोघंबी म्हणत्यात, पयली गोळी त्यांची.” तरी त्याला आशा होती. दोन्हीकडच्या म्होरक्यांना एका झाडाखाली बसवून त्यानं बाजाराचा रस्ता खुला करून घेतला होता.

तुकडीच्या तळाशेजारी एक अख्खं गाव आसऱ्याला आलं होतं. पेरणी जवळ आली तशी तिथल्या बायांनी दुभाष्याकरवी दादाला विचारलं, घरी जावं का? त्यानं दोन्ही म्होरक्यांना विचारलं, दोघांनी शब्द दिला. मग दादा म्हणाला, जा. स्वतः गाडीतून सोडूनही आला. पीक कमरेएवढं झालं असताना नाक्यावर सरकारी शिपायांची आणि बंडखोरांची बाचाबाची झाली, कुणाची तरी गोळी सुटली आणि संध्याकाळपर्यंत ते गाव जळून गेलं. तुकडीला तिकडे जायचा हुकूम आला तो दुसऱ्या दिवशी. प्रेतं दादानंच उचलली.

नंतर तिथं पुन्हा युद्धबंदी झाली, पुन्हा मोडली. दादा निवृत्त होऊन गावी आला. बांधावरून भांडणं झाली की लोक यायचे, “सुभेदार, तुमी मधी पडा राव.” तो उठून आत जायचा. माझी मुलगी बाळंतपणाला अडली तेव्हा मी रडत विचारलं, “दादा, नीट होईल ना रे सगळं?” खाली बघत म्हणाला, “मला नको इचारू गं...”

परवा त्याची खोली आवरायला घेतली. खाटेखाली एक भरलेली पिशवी निघाली. बॅटरी, औषधं, वहिनीची दोन लुगडी, चिवड्याचा डबा.

“पळायची येळ आली तर म्हणून ठिवायचे,” वहिनी म्हणाली.

“इथं अवसरीत? कुणापासून पळायचं?”

मी पिशवी रिकामी करू लागले तशी तिनं माझा हात धरला. डबा तोवर उघडला होता. चिवडा ताजा होता, कालपरवाच केलेला.