उशाशी ठेवलेली चप्पल
काल चप्पल शिवायला दिली आणि चामड्याच्या वासाने मोरिवलीतली खोली आठवली. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात मी कारखान्यात चक्कर येऊन पडले होते. डोक्याला वायरी लावून तपासणी झाली, रिपोर्टात फिट लिहून आलं. सुपरवायझरने मला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. फिट आली तर हुंगवायला म्हणून सासूबाईंनी माझीच चप्पल उशाशी ठेवली. महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तोच रिपोर्ट पाहिला. "ही फिट नाही. डुलकी लागली की अशा लहरी चांगल्या माणसाच्याही मेंदूत दिसतात." सासूबाई म्हणाल्या, "त्या डॉक्टरणीला काय कलतंय? र्‍हाऊ दे ती चप्पल उशाशी." मी चप्पल उचलली, त्यांच्यासमोर पायात घातली आणि माझं मशीन परत मागायला गेले. तीच चप्पल आता तिसऱ्यांदा शिवून घेतेय. मशीनवर अजून मीच आहे.