पालखीखाली सांगितलेला पत्ता

पायी वारीच्या चौथ्या दिवशी पाओचू मावशीच्या टाचेला फोड आला, तरी ती थांबेना. मात्सू देवीची पालखी मैलभर पुढे गेली होती. "तू हो गं पुढे," ती मला म्हणाली. "तुझे पाय अजून कोवळे, साठीचेच तर आहेत."

मावशी दोऊलियूच्या बाजारात तांदळाच्या शेवया विकते. नवरा लवकर गेला; लेक शूहुईला तिनं एकटीनं शिकवलं, लग्न करून दिलं. तीन वर्षांपूर्वी शूहुईच्या मनाचं दुखणं बळावलं. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. त्या साली मावशी लेकीच्या जागी तिचा शर्ट उराशी धरून, पालखी अंगावरून गेली की दुखणं जातं म्हणून रस्त्यात पालथी पडली. देवीला नाव, जन्मतारीख, पत्ता, दुखणं सगळं स्पष्ट सांगायचं असतं, नाहीतर तिनं माणूस शोधायचं कसं? मावशीनं सांगितलं, घरक्रमांकासकट.

नेमका तेव्हाच खासदार को यांनी पालखीला खांदा दिला होता. कॅमेरा होता तेवढी वीस पावलं. त्यांच्यासाठी आणलेल्या माइकनं मावशीचं गाऱ्हाणं उचललं. को यांनी तिला उठवलं, स्वतःचे डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत बाजारातल्या प्रत्येक टीव्हीवर तेच. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाच्या बाई दुसऱ्या वाहिनीवर कडाडल्या, "ही म्हातारी भाड्यानं आणलेली!" मग खरंखोटं करायला दोन्ही वाहिन्यांच्या गाड्या शूहुईच्या दारात. पत्ता साऱ्या देशानं ऐकलाच होता.

पुढच्या निवडणुकीत को पुन्हा निवडून आले. त्या बाईही आल्या. आता दोघं दर आठवड्याला एकाच कार्यक्रमात भांडतात आणि जाहिराती लागल्या की एका किटलीतला चहा पितात. माझी भाची तिथं रंगभूषा करते, तिनं पाहिलंय. शूहुईला सासरच्यांनी ठेवलं नाही. ती कुठं राहते कळत नाही, आईचा फोन घेत नाही.

"देवीचा राग नाही येत?" मी विचारलं.

"तिनं काय केलं? तिला माइक लागत नाही."

दुपारी पालखी एका देवळात विसावली, तिथं आम्ही पोचलो. पुढच्या रस्त्यावर माणसं रांगेनं पालथी पडू लागली होती. कॅमेरेही आले होते. मावशीनं पिशवीतून तो शर्ट काढून माझ्या हातात कोंबला.

"मला लगेच ओळखतील मेले. तू झोप माझ्या जागी. आणि हे बघ, ओठसुद्धा हलवू नकोस. नाव मनात घे. पत्ता आता मलाच माहीत नाही. देवीला म्हण, तूच शोध."