जंक्शनवरचं 'होय्तु'

रेल्वेचा इतिहास मला पाठ असतो आणि गाड्या इतरांना मिळतात, असं माझी बायको म्हणते. मी यावर चिडायला हवं. पण पुरावा तिच्या बाजूने आहे.

आम्ही बेंगळूरच्या चामराजपेटचे. आजोबांपासूनचं पूजासाहित्याचं दुकान, आणि घरातली मराठी निम्मी कानडी होऊन गेलेली. बायको मात्र पुण्याची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि नेमके तेव्हाच रेल्वेला रूळ रुंद करायचे सुचले. आमची अरुंद रुळांवरची गाडी एका लहानशा गावच्या जंक्शनवर आम्हाला उतरवून मोकळी व्हायची. पुढे पुण्याकडे जाणारी मोठी गाडी तिथून पकडायची. ती कधी उभी असायची, कधी नसायची. विचारावं तर 'काम चालू आहे' एवढंच उत्तर मिळे. नेमकं कुठे चालू आहे ते सांगायला कुणी रिकामा नसे.

सासऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांची इच्छा एकच, पहिलं औक्षण लेकीने करावं. पण मुहूर्त सकाळचा आणि भटजी घाईचे. म्हणून त्यांनी निघण्याआधीच फोनवर ठरवून टाकलं होतं. जंक्शनवर पुढची गाडी मिळाली की तिथूनच कळवायचं. मग गाडी कितीही रखडो, लेक येईपर्यंत ते पाटावर बसणार नाहीत, तोंडात काही घालणार नाहीत. गाडी चुकली तर तसं सरळ सांगायचं, सूनबाई ओवाळतील. हे ऐकल्यापासून बायकोचा जीव त्या जंक्शनात अडकला होता. बाबांसाठी घेतलेल्या रेशमी उपरण्याची पिशवी तिने वाटेत एकदाही खाली ठेवली नाही.

सोबत तिचे मोठे भाऊ होते. ते एका सरकारी कारखान्यात इंजिनियर, बदलीवर बेंगळूरला आलेले. कानडी शिकायची त्यांना गरज वाटत नव्हती. कामापुरती हिंदी पुरते, असं त्यांचं ठाम मत होतं.

आमची गाडी उशिराच पोचली. हमाल इकडेतिकडे पळत होते, फलाट खणून ठेवलेला, सूचना फळ्यावर खडूने लिहून पुन्हा पुसलेल्या. बायको नळावर पाणी भरायला गेली. गाडीची चौकशी मी करायला हवी होती. पण मला समोर जुन्या इंजिनांना पाणी पाजायचा लोखंडी नळ दिसला आणि मी वाहवत गेलो. मेव्हण्यांना सांगू लागलो, हे गाव मुळात नव्हतंच. गाड्यांना इथे तहान लागायची म्हणून स्टेशन झालं. मग संस्थानाच्या काळात दुसरी लाइन येऊन मिळाली, खोबऱ्याचा बाजार वाढला, आणि स्टेशनाच्या पाठीमागे गाव उगवलं. आमच्या आजोबांच्या कापराच्या पेट्या याच फलाटावर एका गाडीतून दुसरीत चढत.

मेव्हण्यांना माझे आजोबा ऐकायचे नव्हते. त्यांनी एका हमालाला अडवून विचारलं, "पूनावाली गाडी है ना?"

हमाल धावता धावता म्हणाला, "होय्तु," आणि स्टेशनाबाहेर हात केला.

"होय म्हणतोय," मेव्हणे येऊन म्हणाले. "त्या बाजूला लागेल बहुतेक. इथल्या लोकांना मराठी येतं की, जावईबापू. तुम्ही उगीच भीती घालता."

मी 'होय' तेवढं ऐकलं आणि आजोबांकडे परतलो. बायको आली, तिलाही तेच सांगितलं. मग तिघांनी निवांत उप्पिट्टू खाल्लं. शेवटी तिनेच खानावळवाल्याला कानडीत विचारलं आणि हातातली ताटली खाली ठेवली. 'होय्तु' म्हणजे गेली. पुण्याची गाडी आम्ही उतरायच्या आधीच सुटली होती. हमालाचा हात बाहेर उभ्या असलेल्या बसकडे होता. पुढच्या मोठ्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबते, आणि बसने गेलेल्यांना ती मिळते. आता बसही होय्तु.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "आमच्या दादाला येत नाही, ठीक आहे. तुमचा जन्म कुठला?"

गाडी चुकल्याचं सासऱ्यांना कळवायला मी एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या पेटीत शिरून नंबर फिरवला. लाइन लागायला आणि बूथवाल्याने दार उघडायला एकच गाठ पडली. त्याला बिचाऱ्याला आपुलकी. "काय अण्णा, रैलु सिक्ता?" म्हणजे मिळाली का गाडी.

"होय्तु!" मी वैतागून म्हणालो.

सासऱ्यांना कमी ऐकू येत असे. पण तेवढं त्यांना नेमकं ऐकू आलं. "होय ना? मग थांबतो मी. सावकाश या," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर ती लाइन काही केल्या लागली नाही. काम चालू असावं.

पुढची गाडी संध्याकाळी मिळाली. डब्यात बायको खिडकीकडे तोंड करून बसली. म्हातारा माणूस उपाशी बसेल, एवढं एकच वाक्य ती मधून मधून म्हणायची, तेही खिडकीला. मेव्हण्यांनी एकदा, होय आणि होय्तु यांत फरक तो किती, असा मुद्दा काढून पाहिला. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. जंक्शनाच्या इतिहासाचा राहिलेला भाग मी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर पोचलो. पंगती आटोपत आल्या होत्या, भटजी दक्षिणा घेऊन दुसऱ्या घरी गेले होते. आणि रिकाम्या पाटाशेजारी, खुर्चीवर, कद नेसून सासरे ताठ बसलेले. सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं म्हणे. त्यांचं एकच उत्तर होतं, जावई होय म्हणालेत.

"गाडी लेट झाली का रे?" त्यांनी विचारलं.

मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी उपरण्याच्या पिशवीकडे. बायको मोठ्याने म्हणाली, "होय, बाबा."

ते उठून पाटावर बसले. तिने तबक घेतलं, निरांजनं लावायला लागली, पण घाईघाईत ओढलेल्या काड्या वातीला भिडायच्या आधीच विझत गेल्या. गडबडली की तिच्या तोंडी बेंगळूर येतं.

"स्वल्प थांबा हं," ती म्हणाली.

"थांबलोच आहे की," सासरे म्हणाले.