आधी सत्कार, मग मशीन

धुळ्याला देवपुरातल्या एका दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या तंत्रशिक्षण कॉलेजात मी मुलांना लेथवर लोखंड कातायला शिकवतो. निदान पगार त्यासाठी मिळतो.

मध्यंतरी शिक्षण सुधारायचं ठरलं आणि आमच्याकडे संगणकावर चालणारं लेथ मशीन आलं. आम्ही ताबडतोब सुधारलो. दाराशी रांगोळी काढली, मशीनला हळदकुंकू लावलं, वर झाकण घातलं आणि पाटी ठोकली : चपला-बूट बाहेर काढावेत.

ते चालवायला शिकवणारा तज्ज्ञ कंपनीनं एका दिवसासाठी पाठवला. आता दारात आलेल्या पाहुण्याला लगेच कामाला जुंपणं खान्देशात शोभतं का? शाल, श्रीफळ, 'कौशल्य' या विषयावर प्राचार्यांचं भाषण आणि त्यानंतर माझं प्रास्ताविक. ते आधी व्हायचं होतं, पण कागद सापडत नव्हता. दुपारी भरीत-पुरी. "आता जरा मशीनकडे..." असं तो म्हणाला, तर "बसा हो साहेब," असं मीच म्हणालो. तो बसला, मग आडवा झाला, मग त्याची गाडीची वेळ झाली.

तेव्हापासून मशीन झाकलेलंच. मी फळ्यावर त्याचं चित्र काढून शिकवायचो. चित्र झकास यायचं.

माझी पुतणी माझ्याच वर्गात. जळगावच्या एका कारखान्यात तिची नोकरीची चाचणी ठरली. अशाच मशीनवर एक भाग कातून दाखवायचा होता.

"काका, हे सुरू कुठून करायचं?" तिनं घरी विचारलं.

"मुख्य बटणापासून."

"ते कुठंय?"

"चित्रात डावीकडे आहे बघ."

खाटेवरून माझी आई म्हणाली, "मशीन शे का देव शे रे? नुसतं दर्शनच देस!"

मग मात्र कंपनीला फोन लावला. तोच तज्ज्ञ चाचणीच्या आदल्या दिवशी यायला तयार झाला. "भरीत असेल ना?" एवढंच त्यानं विचारलं.

तो फाटकातून आत आला, तेव्हा प्राचार्य शाल घेऊन आणि मी नारळ घेऊन उभे. पुतणीनं सरळ त्याची बॅग उचलली. बॅग जाईल तिकडे पाहुणा! मागोमाग वर्गातली सगळी पोरं बुटांसकट कार्यशाळेत शिरली आणि आतून कडी लागली.

"अगं, सत्कार!" प्राचार्यांनी दार वाजवलं.

"सुट्टी नाही सर, मशीन चालू आहे!" पुतणी ओरडली.

नंतर आतून एकच फर्मान आलं : भरीत खिडकीतून द्या. बाहेर भाषण झालंच. शालीची घडी मोडली होती, म्हणून ती माझ्याच खांद्यावर आली. संध्याकाळी पोरगी बाहेर आली ती तेलानं माखलेली, हातात कातलेला चकचकीत तुकडा.

सकाळी ती जळगावला निघाली, तेव्हा वहिनीनं तोच नारळ तिच्या पिशवीत घातला. तिनं तो काढून माझ्या हातात ठेवला.

"काका, हे तुमच्या खात्याचं."

तिची निवड झाली. कॉलेजात आता तिच्या सत्काराची तयारी चालली आहे. शाल मी घडी घालून ठेवलीये, प्रास्ताविकाचा कागदही सापडलाय. तारीख विचारायला फोन केला की मागून घरघर ऐकू येते आणि ती ओरडून म्हणते, "सुट्टी नाही काका, मशीन चालू आहे!"